घरची कॉफी : भांडे कोणते, का आणि कोणासाठी

‘कॉफी करायला कोणते यंत्र घ्यावे?’ हा प्रश्न अलीकडे मला वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा निम्मा निर्णय घेऊनच आलेले असतात. मुलाने बंगळूरहून काहीतरी सुचवलेले असते, किंवा शेजाऱ्यांच्या ओट्यावर चकचकीत यंत्र आलेले असते. त्यांना माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी मात्र उलट प्रश्न विचारतो. कॉफी दुधाची पिता की बिनदुधाची? एका वेळी किती कप लागतात? पूड ताजी कोठून आणणार? मागच्या तपासणीत कोलेस्टेरॉल किती होते? आणि ते भांडे रोज घासणार कोण? या पाच प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली की यंत्राचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही आणि कॉफीच्या व्यापाराशीही माझा संबंध नाही. गेली कित्येक वर्षे मिळतील ते ग्रंथ आणि शोधनिबंध वाचत, स्वयंपाकघरातला एक तराजू आणि एक थर्मामीटर हाताशी घेऊन मी या विषयाचा पाठपुरावा करत आलो आहे. या लेखात जे मांडतो आहे ते कोणालाही आपल्या ओट्यावर पडताळून पाहता येईल.

आपली जुनी कॉफी

मराठी मध्यमवर्गीय घरांत कॉफी ही पाहुण्यांची होती. ‘चहा घेणार की कॉफी?’ असे विचारले जाई आणि कॉफी म्हणणाऱ्याकडे थोडे कौतुकाने पाहिले जाई. दुधात साखर घालायची, उकळी आली की पूड टाकायची, वरून जायफळ किसायचे, झाकण ठेवायचे आणि फडक्यातून किंवा गाळणीतून गाळायची. साखरेबरोबर दाबलेल्या कॉफीच्या वड्याही पुष्कळ घरांत असत. दुधात एक वडी टाकली की काम झाले. पोलसन हे नाव आज लोण्यामुळे आठवते, पण पेस्तनजी एदलजी दलाल यांनी मुंबईत आपला धंदा मांडला तो कॉफीच्या पुडीवर. इंडिया कॉफी हाउसच्या साखळीची सुरुवातसुद्धा मुंबईत, चर्चगेटला, १९३६ साली झाली. महाराष्ट्रात कॉफीची लागवड मात्र नावापुरती, विदर्भात चिखलदऱ्याच्या डोंगरावर. आपली कॉफी येते ती मुख्यत्वे कर्नाटकातून. बाबा बुडन यांनी यमनमधून सात बिया लपवून आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या डोंगरापासून कोल्हापूर फार लांब नाही, तरीही आपण कॉफी करायला शिकलो ती चहाच्या पद्धतीने, म्हणजे उकळून.

उकळण्याने काय होते ते पाहण्यासारखे आहे. कॉफीचा सुगंध शेकडो उडून जाणाऱ्या द्रव्यांचा बनलेला असतो. पूड उकळत ठेवली की ती द्रव्ये वाफेबरोबर निघून जातात. घरभर दरवळणारा वास हा कपातून निघून गेलेला वास असतो. मागे राहतो तो कडवटपणा, आणि त्याला सांभाळून घेतात दूध आणि साखर. जायफळ का आले याविषयी माझा तर्क असा आहे : उडून गेलेल्या सुगंधाची जागा भरून काढायला दुसरा सुगंध हवा होता. तो तर्क बाजूला ठेवला तरी जायफळाची कॉफी हा एक स्वतंत्र आणि चांगला पदार्थ आहे. ती करायला कोणतेच यंत्र लागत नाही, आणि ज्यांना तीच आवडते त्यांनी हा लेख वाचून खर्चात पडू नये.

कपात नेमके काय उतरते

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी जेमतेम तीस टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. उरलेला सगळा लाकडासारखा तंतुमय भाग, म्हणजेच आपला चोथा. पण विरघळणारे सगळेच कपात उतरावे असे नाही. आधी उतरतात आंबट आणि फळांसारख्या चवीची द्रव्ये, मग गोडसर, आणि सर्वांत शेवटी कडू व तुरट. लवकर थांबलो तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते; फार वेळ काढली तर कडू आणि घशाला कोरड आणणारी होते.

हे मोजमाप शास्त्रशुद्ध रीतीने मांडण्याचे श्रेय अर्नेस्ट लॉकहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाला जाते. हा गृहस्थ १९३९ ते १९४१ या काळात अंटार्क्टिका मोहिमेवर होता. पुढे १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूटमध्ये त्याने लोकांची पसंती आणि कपातील विरघळलेल्या द्रव्याचे प्रमाण यांचा मेळ घालून एक तक्ता तयार केला. त्याचे सार दोन आकड्यांत सांगता येते. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरावा, आणि तयार कॉफीत विरघळलेले द्रव्य १.१५ ते १.३५ टक्के असावे. पहिला आकडा चवीचा समतोल सांगतो, दुसरा कडकपणा. ‘कडक’ आणि ‘कडू’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे कॉफीच्या बाबतीत समजून घेण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व. कॉफी पांचट झाली म्हणून जास्त उकळणारा माणूस कडकपणा मागतो आणि कडूपणा मिळवतो. कडकपणा हवा तर पूड वाढवावी, वेळ नव्हे.

एक साधा हिशेब करू. १५ ग्रॅम पूड आणि २५० मिलिलीटर पाणी घेतले. चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे ३० मिलिलीटर गेले. कपात आले २२०. पुडीच्या २० टक्के म्हणजे ३ ग्रॅम द्रव्य त्यात उतरले. ३ भागिले २२०, म्हणजे जवळजवळ १.३५ टक्के. लॉकहार्टच्या चौकटीच्या वरच्या काठावरची ही बिनदुधाची कॉफी झाली. चमच्याने मोजून हा हिशेब जमत नाही, कारण बारीक पुडीचा चमचा आणि भरड पुडीचा चमचा यांचे वजन वेगळे असते. म्हणून पहिली खरेदी स्वयंपाकघरातल्या छोट्या डिजिटल तराजूची करावी.

दुधाचा हिशेब

आता कळीचा मुद्दा. आपल्याकडची बहुतेक कॉफी दुधाची असते, आणि परदेशी पद्धतीची बहुतेक भांडी बिनदुधाच्या कॉफीसाठी घडवलेली आहेत. वरच्या १.३५ टक्क्यांच्या कॉफीचे ४० मिलिलीटर १२० मिलिलीटर दुधात घातले, तर कपात कॉफीचे द्रव्य उरते अवघे एक तृतीयांश टक्का. तो रंग आलेला दुधाचा कप होतो. पुष्कळजण महागडे काचेचे ड्रिपर आणतात, दूध घालून पितात आणि ‘यात काही दम नाही’ म्हणून ते कपाटात टाकतात. त्या ड्रिपरमध्ये खोट नसते. त्याच्याकडून भलत्या कामाची अपेक्षा केलेली असते.

आता दाक्षिणात्य फिल्टर पाहा. ३० ग्रॅम पूड, २०० मिलिलीटर पाणी. चोथ्याने ६० धरले, खाली उतरले १४० मिलिलीटर डिकॉक्शन. ६ ग्रॅम द्रव्य उतरले असे धरले, तर कडकपणा ४ टक्क्यांच्या वर जातो. याचे ४० मिलिलीटर १२० मिलिलीटर दुधात घातले तरी कपात एक टक्क्याहून थोडे अधिक द्रव्य राहते. दुधातही कॉफी ओळखू येते ती यामुळे.

याच पट्टीने इतर भांडी मोजता येतात. मोका पॉटमधून उतरणारी कॉफी साधारण अडीच ते तीन टक्क्यांची, एस्प्रेसो दहा टक्क्यांच्या आसपास. फ्रेंच प्रेस आणि कागदी ड्रिप दोन्ही सव्वा-दीड टक्क्याच्या घरात. म्हणजे पहिली विभागणी अशी झाली : दुधाची कॉफी पिणाऱ्यांसाठी दाक्षिणात्य फिल्टर, मोका आणि एस्प्रेसो, बिनदुधाच्यांसाठी ड्रिप आणि प्रेस.

दुधाविषयी दोन शब्द. म्हशीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधापेक्षा बराच अधिक, त्यामुळे ते कॉफीची चव जास्त झाकते. तिथे डिकॉक्शन थोडे अधिक घ्यावे लागते. दुधातील प्रथिने तुरट द्रव्यांना बांधून घेतात, म्हणून दूध घातले की कॉफी मवाळ लागते. आणि कॉफी दुधात उकळण्याऐवजी गरम दुधात डिकॉक्शन ओतले, तर सुगंध पुष्कळसा वाचतो.

जाते आणि मिक्सर

कॉफीचे दाणे दळण्याची यंत्रे दोन जातींची. एकात फिरते पाते असते. ते मिक्सरसारखे दाण्यांचे तुकडे करते. दुसऱ्यात दातेरी कडी असतात आणि त्यांमधून दाणा भरडला जातो. हे आपले जातेच. मिक्सरमधून निघालेल्या पुडीत पीठही असते आणि कणीही. पिठातला कडूपणा लवकर उतरतो, कणीतून आंबटपणाच्या पुढे काही उतरत नाही, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात. जात्याच्या दोन तळ्यांमधले अंतर जसे कमीजास्त करता येते तसे दातेरी यंत्रात करता येते, आणि एकसारखी पूड मिळते.

पूड किती बारीक असावी हे पाणी तिच्याबरोबर किती वेळ राहणार त्यावर ठरते. फ्रेंच प्रेसमध्ये चार मिनिटे, म्हणून जाड रव्यासारखी. कागदी ड्रिपला तीन मिनिटे, म्हणून मध्यम साखरेसारखी. मोका आणि दाक्षिणात्य फिल्टरला बारीक रव्यासारखी. एस्प्रेसोला अर्धे मिनिट, म्हणून पिठीसाखरेपेक्षा किंचित जाड. एका भांड्याची पूड दुसऱ्यात घातली की दोष भांड्याला लागतो.

आता पैशाचा प्रश्न. भाजलेला अख्खा दाणा हवाबंद डब्यात काही आठवडे चांगला राहतो. दळलेली पूड काही दिवसांत उतरते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच लवकर. म्हणून माझा क्रम असा : आधी ताजे दाणे, मग हाताने फिरवायचे बऱ्यापैकी दातेरी यंत्र, मग तराजू आणि सर्वांत शेवटी कॉफी करायचे भांडे. बाजारातला क्रम नेमका उलटा असतो, कारण ओट्यावर दिसते ते भांडे. ज्यांना रोज दळण नको, त्यांनी समोर दळून देणाऱ्या दुकानातून आठ-दहा दिवसांपुरतीच पूड आणावी आणि आपले भांडे कोणते ते दुकानदाराला सांगावे. पाकिटावर भाजल्याची तारीख आहे का ते पाहावे. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीचा मोठा भाग निर्यात होतो. चिकमगळूर आणि कोडगूच्या चांगल्या दाण्यासाठी दर महिन्याला थोडे जास्त मोजणे हे मला एकदाच घेतलेल्या यंत्रापेक्षा शहाणपणाचे वाटते.

चिकोरीविषयी गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्यात कॅफिन नसते. कॉफीपेक्षा तिचा कितीतरी मोठा भाग पाण्यात विरघळतो, म्हणून डिकॉक्शन दाट आणि काळे होते. पाणी सावकाश झिरपते आणि दुधात रंग टिकतो. दुधाच्या कॉफीत थोडी चिकोरी हा दोष नव्हे. बिनदुधाच्या कॉफीत मात्र ती दाण्याची चव झाकते. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. तो मजकूर वाचल्याशिवाय किमतीची तुलना करू नये. ५३ टक्के कॉफीचे पाकीट ८० टक्क्यांच्या पाकिटापेक्षा स्वस्त असणारच.

पाणी

कपातला ९८ टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो, तरी पाण्याचा विचार सर्वांत कमी होतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही खनिजे चव उतरवायला मदत करतात, तर बायकार्बोनेट आंबटपणा मारून टाकते. बोअरवेलच्या जड पाण्यात म्हणूनच चांगल्या दाण्याचीही कॉफी सपाट लागते, आणि यंत्राच्या आत क्षार साचतात. उलट, शुद्धीकरण यंत्रातून खनिजे जवळजवळ पूर्ण काढलेल्या पाण्यातही कॉफी पोकळ होते. धरणाचे नळाचे पाणी बहुधा या दोहोंच्या मध्ये असते. ते उकळून, गाळून वापरणे उत्तम. बोअरवेलचे पाणी असेल तर त्यात शुद्धीकरण यंत्राचे पाणी निम्मेनिम्म मिसळून पाहावे.

तापमान ९२ ते ९६ अंश असावे. खळखळून उकळलेले पाणी गॅस बंद करून अर्धा मिनिट ठेवले की पुरते. आणखी एक युक्ती : ताज्या भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो पाणी आत शिरू देत नाही. म्हणून पुडीच्या दुप्पट वजनाचे पाणी आधी टाकावे, अर्धा-पाऊण मिनिट थांबावे आणि मग बाकीचे ओतावे. पूड फुगून वर आली तर कॉफी ताजी. हललीच नाही तर शिळी. दुकानदाराची परीक्षा घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

भांडी एकेक करून

दाक्षिणात्य फिल्टर. किंमत थोडी, बिघडण्यासारखे काही नाही, वीज नको. वरच्या भांड्यात पूड घालून छत्रीसारख्या चकतीने हलके दाबावी, पाणी ओतून झाकावे. वीस-तीस मिनिटांत डिकॉक्शन तयार. रात्री लावून ठेवले तर सकाळी उठल्याबरोबर मिळते. छिद्रे बुजली तर वरचे भांडे रिकामे करून क्षणभर ज्योतीवर धरावे. पितळी घेतला तर आतून कल्हई आहे ना ते पाहावे, कारण कॉफी आंबट असते. चार-पाच माणसांच्या, दुधाची कॉफी पिणाऱ्या घराला याला तोड नाही.

मोका पॉट. इटलीत आल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली तो बाजारात आणला. खालच्या भांड्यातले पाणी तापते, वाफेचा दाब ते पाणी पुडीतून वर ढकलतो. दाब एक-दोन वातावरणांच्या जवळपास, म्हणून याला एस्प्रेसो म्हणणे बरोबर नाही. खाली आधीच गरम केलेले पाणी घालावे, आच मंद ठेवावी, पूड दाबू नये आणि गुरगुरू लागताच उतरवावा. शेवटची गुरगुर हीच कडूपणाची. अॅल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर चालत नाही, आणि लहान मोका आपल्या गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही, त्याला वर छोटी जाळी लागते. हे दुकानात कोणी सांगत नाही.

फ्रेंच प्रेस. पूड आणि पाणी एकत्र, चार मिनिटे, मग जाळीचा दट्ट्या खाली. शिकायला सोपी, चव भरघोस, तळाशी थोडा गाळ. उरलेली कॉफी चोथ्यावर तशीच ठेवू नये, ती कडू होत जाते.

कागदी ड्रिप. ड्रेस्डेनच्या मेलिता बेन्ट्झ या गृहिणीने १९०८ साली मुलाच्या वहीतला टीपकागद आणि भोके पाडलेले पितळी भांडे वापरून ही पद्धत शोधली आणि पेटंट घेतले. कॉफीच्या इतिहासातला हा मोठा शोध ओट्यापाशीच लागला, हे लक्षात ठेवावे. स्वच्छ, हलकी, सुगंधी कॉफी मिळते. चोथा कागदासकट फेकता येतो. कागद मात्र सतत विकत घ्यावा लागतो.

एरोप्रेस. अॅलन अॅडलर या अमेरिकन अभियंत्याने २००५ साली आणलेली प्लास्टिकची मोठी पिचकारीच. एका माणसाला, प्रवासाला, वसतिगृहातल्या मुलांना उत्तम. दोन मिनिटांत कॉफी, पाऊण मिनिटात धुणे. चार माणसांसाठी चार वेळा करावी लागते.

एस्प्रेसो यंत्र. १८ ग्रॅम पूड, नऊ वातावरणांचा दाब, अर्ध्या मिनिटात ३६ ग्रॅम कॉफी. खोक्यावर ‘१५ बार’ लिहिलेले असते ती पंपाची कमाल शक्ती. कॉफीला लागतो नऊचाच दाब. स्वस्त यंत्रांत दुहेरी तळाची चाळणी बसवून फेस आणला जातो. तो फेस पुडीचा नव्हे, चाळणीच्या बारीक छिद्राचा. चांगल्या एस्प्रेसोला यंत्राइतकेच चांगले दळणयंत्र लागते, म्हणजे खर्च दुप्पट धरावा. ज्याला हा छंदच करायचा आहे त्याने जरूर घ्यावे.

आणि झटपट कॉफी. तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पूड, साखर आणि थोडे पाणी घोटून केलेली फेटलेली कॉफी ही आपल्या घराघरांतली खास गोष्ट आहे. फक्त पाकिटावर चिकोरीचे प्रमाण वाचावे.

गाळण्याचा आणि काळजाचा संबंध

माझे थोरले बंधू त्रेसष्ट वर्षांचे. स्टेंट बसवल्यावर त्यांनी तेल, तूप, अंडी सगळे मोजून खायला सुरुवात केली. दिवसाला चार मोठे कप फ्रेंच प्रेसची कॉफी मात्र चालूच होती, कारण ‘कॉफीत कुठले आलेय तेल?’ कॉफीत तेल असते, आणि त्यामुळेच हा भाग मी सर्वांत काळजीपूर्वक वाचला.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो येथील पाहणीत १९८३ साली असे दिसले, की जास्त कॉफी पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल अधिक असते. अन्य देशांत मात्र हे तितकेसे दिसत नव्हते. उलगडा पुढे झाला : उत्तर युरोपात कॉफी उकळून, न गाळता पीत असत. नेदरलँड्समधील मार्टिन काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष कॉफीच्या तेलात असल्याचे दाखवले. त्यातले कॅफेस्टॉल नावाचे द्रव्य यकृतात पित्ताम्ले बनण्याची क्रिया मंदावते आणि रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते. रोब उर्खर्ट आणि काटान यांनी १९९७ साली मांडलेला अंदाज असा, की रोज १० मिलिग्रॅम कॅफेस्टॉल चार आठवडे पोटात गेले तर कोलेस्टेरॉल सुमारे ५ अंकांनी चढते. उकळलेल्या किंवा प्रेसच्या एका कपात ते ३ ते ६ मिलिग्रॅम असू शकते. कागदातून गाळलेल्या कॉफीत जवळजवळ नसते, कारण तेल कागदातच अडकते. एस्प्रेसो मधे कोठेतरी. झटपट कॉफीत नगण्य.

यातला मला सर्वांत आवडलेला निष्कर्ष सिंगापूरचा आहे. तिथल्या जुन्या पद्धतीत कॉफी कापडी मोज्यासारख्या पिशवीतून गाळतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कॉफीतही कॅफेस्टॉल फार कमी आढळले. म्हणजे आपले आजीचे स्वच्छ, दाट विणीचे फडके हे नुसते काटकसरीचे साधन नव्हते. धातूची जाळी तेल सोडून देते, कापड पुष्कळसे धरून ठेवते.

२०२० साली नॉर्वेतील सुमारे पाच लाख माणसांची, सरासरी वीस वर्षे पाठपुरावा केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तीत गाळलेली कॉफी पिणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांपेक्षाही कमी आढळले, तर न गाळलेल्या कॉफीचा साठीच्या पुढच्या पुरुषांत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंशी संबंध दिसला. अशा पाहणीतून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही. पण कोलेस्टेरॉलचे प्रयोग आणि ही पाहणी एकाच दिशेला बोट दाखवतात. ज्यांचे कोलेस्टेरॉल ठीक आहे आणि जे दिवसाला एखादा कप पितात, त्यांनी घाबरू नये. पण ज्यांना औषध चालू आहे आणि तीन-चार कप होतात, त्यांनी गाळणे बदलावे आणि डॉक्टरांना कॉफी कशी करता तेही सांगावे. दाक्षिणात्य फिल्टर सोडायचा नसेल, तर तयार डिकॉक्शन कागदातून किंवा दाट कापडातून पुन्हा गाळता येते. दोन मिनिटांचे काम आहे. बंधूंना मी तेच सुचवले.

कॅफिनचेही एक वाक्य. रोबस्टा दाण्यात ते अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा सांगितली आहे. झोप येत नसेल तर भांडे बदलण्याआधी दाणा आणि वेळ बदलून पाहावी.

घासणार कोण

हा प्रश्न शोधनिबंधांत नसतो, पण निवडीत तोच निर्णायक ठरतो. मी पाहिलेल्या अनेक घरांत यंत्र आणतो पुरुष, पहिले पंधरा दिवस हौसेने कॉफी करतो आणि मग ते यंत्र त्या घरातल्या बाईच्या कामात भर घालून उरते. एस्प्रेसो यंत्राची दुधाची नळी प्रत्येक वेळी पुसावी लागते, ठरावीक काळाने क्षार काढावे लागतात. फ्रेंच प्रेसच्या जाळीतला चोथा मोरीत गेला तर नळ तुंबतो. मोका रोज सुटा करून धुवावा लागतो. कागदी ड्रिप आणि एरोप्रेस यांचा चोथा एका झटक्यात कुंडीच्या मातीत जातो. म्हणून खरेदीआधी घरात बसून ठरवावे : कॉफी कोण करील, भांडे कोण धुईल. दोन्ही उत्तरे एकाच माणसाची असतील आणि तो माणूस खरेदीच्या चर्चेत नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी. आमच्या घरी यंत्र निवडण्याचा अंतिम अधिकार भांडी धुणाऱ्याकडे आहे, आणि सध्या तो माझ्याकडे आहे.

निवड

आता पाच प्रश्नांची उत्तरे जुळवू. चार माणसांचे घर, सगळ्यांना दुधाची कॉफी : स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर, दहा-वीस टक्के चिकोरीची ताजी पूड, आणि बाकीच्या पैशातून तराजू. दोघेच, दूध घालून, घाईची सकाळ : लहान मोका आणि वर जाळी. बिनदुधाची आवड आणि कोलेस्टेरॉलची काळजी : कागदी ड्रिप, हातदळणी आणि बिनचिकोरीचे दाणे. एकटे राहणारे, फिरतीवरचे, शिकायला गेलेली मुले : एरोप्रेस. चवीचा भरघोसपणा हवा, तब्येत धडधाकट, दिवसाला एकच कप : फ्रेंच प्रेस. वेळ, पैसा आणि चिकाटी तिन्ही असलेले हौशी : एस्प्रेसो, पण दळणयंत्रासकट.

यांतले काहीही घ्यायच्या आधी एक प्रयोग करावा. त्याला नवे काही लागत नाही. ताजी, रवाळ दळलेली १५ ग्रॅम पूड पातेलीत घ्या. उकळून अर्धा मिनिट थांबलेले २५० मिलिलीटर पाणी ओता, झाका, चार मिनिटे थांबा. मग धुतलेल्या दाट सुती फडक्यातून सावकाश गाळा. आधी बिनदुधाची दोन घोट प्या. आंबट लागली तर पुढच्या वेळी पूड थोडी बारीक करा, कडू लागली तर जाड. मग पुन्हा एकदा करा, पूड दुप्पट घेऊन, आणि त्यात गरम दूध घाला. आठवडाभर हे केल्यावर आपल्याला काय आवडते ते आपल्यालाच कळेल. त्यानंतर दुकानात गेलात, तर भांडे तुम्ही निवडाल. दुकानदार तुमच्यासाठी निवडणार नाही.